चकाचक मायनर की चालती मायनर? आधी खाली वाकून बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: १९५३-५४ च्या सुमाराच्या दोन मॉरिस मायनर विकायला आहेत. एक नव्याने रंगवलेली, सीटा-बिटा सगळं नवं, पण गेली काही वर्षं नुसती उभी. दुसरीचा रंग उडालाय, सीट फाटलीय, पण मालक ती नेहमी चालवतो. कोणती घ्यावी, आणि ज्याने आजवर पॉवर स्टिअरिंग आणि एबीएसवाल्याच गाड्या चालवल्यात त्याला ही झेपेल का.

उत्तर आधीच देऊन टाकतो, दुसरी बघा. घ्या म्हणत नाहीये, बघा म्हणतोय, कारण खालून बघितल्याशिवाय कुठलीच घ्यायची नसते. पण सुरुवात चालत्या गाडीपासूनच करा. उभ्या गाडीचं काय होतं ते बाहेरून दिसत नाही, ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि व्हील सिलिंडर आतून गंजतात, टाकीतल्या पेट्रोलचा चिकट थर होऊन कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये बसतो, पिस्टनच्या रिंगा अडकतात, क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटते, सगळे सील सुकतात. मग तुम्ही हौसेने गाडी घरी आणता आणि पहिल्या महिन्यात एकेक गळती सुरू होते, तेव्हा विकणारा म्हणतो माझ्याकडे तर ठीक होती. आणि तो खोटं बोलत नसतो, उभी होती तोवर ठीकच होती! चालत्या गाडीचे दोष चालताना समोर येतात, मालकाला ते पाठ असतात, आणि विचारलं तर बहुतेक जण सांगतातही.

रंगाचं म्हणाल तर नवा रंग ही माझ्या दृष्टीने चिंतेची गोष्ट आहे, जमेची नाही. (रंगवून विकणारे चिडतील, चिडू दे.) रंगाखाली काय आहे याचे फोटो असतील, पत्रा कापलेला, नवा जोडलेला, प्रायमर मारलेला, टप्प्याटप्प्याचे, तर गोष्ट वेगळी, त्या माणसाला नमस्कार करा आणि जास्त पैसे द्या. फोटो नसतील तर त्या रंगाखाली पुट्टी आहे असं धरूनच भाव करायचा.

मायनरला वेगळी शॅसी नाही हे आधी डोक्यात बसवा. अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी डिझाइन केलेली ही गाडी १९४८ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्टच्या शोमध्ये आली तीच एकसंध बॉडीची, म्हणजे फ्लोअर, सिल (दरवाजांखालची पत्र्याची पोकळ पट्टी) आणि खालचे बॉक्स हेच तिचं हाडकाम. वेगळ्या शॅसीच्या गाडीत बॉडी सडली तरी खालचा सांगाडा शाबूत असू शकतो, इथे पत्रा गेला म्हणजे गाडीच गेली. म्हणून लोक आधी बॉनेट उघडून इंजिन ऐकतात ते मला पटत नाही. इंजिन हा या गाडीतला सगळ्यात सोपा भाग आहे. या सालांच्या मायनरमधलं, म्हणजे सिरीज २ मधलं, ८०३ सीसीचं इंजिन ऑस्टिनच्या ए सिरीजचं, १९५१ च्या ए३० मधून आलेलं, आणि ते घराणं वाढत वाढत मिनीमध्ये २००० सालापर्यंत बनत राहिलं. पार्ट मिळतात, माहिती असलेले लोक मिळतात, आणि अगदीच गेलं तर नंतरचं ९४८ किंवा १०९८ सीसीचं इंजिन बसवता येतं, कित्येकांनी बसवलंय. सडलेल्या सिलला असा कुठलाच शॉर्टकट नसतो.

तर जुने कपडे घालून जा, टॉर्च आणि एक छोटं लोहचुंबक घेऊन जा. चुंबकाला पातळ फडकं गुंडाळा म्हणजे रंगाला चरा पडत नाही, आणि ते सिलवर, चाकांच्या कमानींच्या कडांवर, दरवाजांच्या खालच्या चार बोटांच्या पट्टीत फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे. मग खाली शिरा. मायनरमध्ये बघायच्या जागा ठरलेल्या आहेत: मागच्या स्प्रिंग-पाट्यांचे पुढचे हँगर जिथे बॉडीला धरलेत ती जागा, मधला आडवा बीम ज्याच्या टोकाला जॅक लावतात, पुढच्या चाकामागचा भाग, आणि मॅट उचलून ड्रायव्हरच्या पायाखालचा फ्लोअर. खालून जाड काळा लेप नव्याने मारलेला असेल तर अंगठ्याने जोर लावून दाबत जा. पोकळ वाटलं की थांबायचं. एक सोपी टेस्ट अशी की दरवाजे आधी उघडझाप करून बघा, मग मालकाच्या परवानगीने गाडी जॅकवर मधोमध उचला आणि पुन्हा दरवाजा लावा. आता घासायला लागला किंवा लागेचना तर बॉडी वाकतेय, म्हणजे सिलमध्ये जीव राहिलेला नाही. तिथेच चहा पिऊन परत या.

ट्रॅव्हलर मॉडेल बघत असाल, ते मागे लाकडी चौकट असलेलं, तर लक्षात घ्या की ते लाकूड शोभेचं नाही, मागचा सगळा भाग त्या अ‍ॅशच्या लाकडावर उभा आहे. खालच्या आडव्या पट्ट्या जिथे काळ्या पडल्यात तिथे नखाने दाबून बघा. नख रुतलं तर खर्च मोठा, कारण ते लाकूड नुसतं बदलत नाहीत, आख्खी मागची बाजू सोडवावी लागते.

मग येतं पुढचं सस्पेन्शन, आणि ही गोष्ट मी प्रत्येकाला दोनदा सांगतो. मायनरचं पुढचं चाक आटे असलेल्या पिनेवर वळतं, खाली-वर ट्रनियन (त्या पिनेला धरणारे ठोकळे) असतात, त्यात ग्रीस जायला निपल आहेत. हे ग्रीस साधारण दर हजार मैलांना, म्हणजे सोळाशे किलोमीटरला द्यायचंच. नाही दिलं की आटे झिजतात, बाहेरून काही कळत नाही, आणि एक दिवस पिन ट्रनियनमधून सुटते, चाक आडवं होतं आणि गाडीचा कोपरा रस्त्यावर बसतो. बहुतेक वेळा हे हळू वेगात, स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं असताना होतं, हे नशीब. बघताना चाक उचलून वर-खाली हलवून बघा, खेळ लागतोय का, आणि निपलवर ताजं ग्रीस दिसतंय की सुकलेली माती. सुकलेली माती दिसली की मालकाने बाकी काय काय केलं नसेल याचाही अंदाज येतो.

इंजिनसाठी एकच अट घाला, मी येईपर्यंत गाडी चालू करायची नाही. पोचल्या पोचल्या बॉनेटला हात लावा, गरम असेल तर थंड इंजिन चालू व्हायला काय नखरे करतं ते तुमच्यापासून लपवलंय. स्टार्ट केल्यावर क्षणभर निळा धूर ठीक, गरम झाल्यावर अ‍ॅक्सिलरेटर सोडून परत दाबल्यावर निळा येत राहिला तर व्हॉल्व्ह गाइड किंवा रिंगा. काळा धूर मिक्श्चरचा, तो कार्ब्युरेटर सेट करून जातो. पांढरा वाफेसारखा धूर गरम इंजिनातही थांबत नसेल आणि ऑइलच्या झाकणाखाली दुधी चिकटा असेल तर हेड गॅस्केटचा संशय घ्या, पण नुसता दुधी चिकटा कमी अंतर चालणाऱ्या गाडीतही जमतो हेही खरं. ८०३ सीसीच्या इंजिनात बिग एंड बेअरिंग (कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाचं) ही कच्ची बाजू आहे, तेव्हा चांगलं गरम झाल्यावर लोडखाली खालून खडखड येतेय का ते कान देऊन ऐका.

शॅसी नंबर आणि इंजिन नंबर कागदाशी ताडून बघायचे हे सांगायला नको. इंजिन बदललेलं असेल तर वाईट नाही, पण ते कागदावर यायला हवं.

शेवटचं म्हणजे, काय काय *नाही* ते मोजा. ब्रेक शू, गॅस्केट, पॉइंट मिळतात. बंपर, ग्रिल, काचांच्या क्रोम पट्ट्या, हेडलाइटची रिंग, डॅशबोर्डची मीटरं, हे एकेक शोधताना माणूस म्हातारा होतो. मायनरच्या बाबतीत अजून बरं आहे, दहा लाख विकली गेलेली ही पहिली ब्रिटिश कार, त्यामुळे तिचे पार्ट आजही नव्याने बनतात, पण १९५६ पर्यंतची दोन तुकड्यांची समोरची काच आणि नंतरची एकसंध काच यांच्या आजूबाजूचं सामान एकमेकांना चालत नाही. अर्धवट खोललेली आणि "सगळे पार्ट खोक्यात आहेत" अशी गाडी तर कधीच घेऊ नका, सगळे पार्ट खोक्यात कधीही नसतात.

मायनर सोडून दुसरी एखादी बघणार असाल तर कागदावरच्या सालाला फसू नका. युद्धानंतरची पहिली काही वर्षं बहुतेक कंपन्यांनी युद्धाआधीचेच साचे बाहेर काढले, थोडं ग्रिल बदललं आणि विकल्या. फोर्डची पॉप्युलर १०३ई घ्या, १९५३ ते १९५९ पर्यंत बनली, पण तीनच गिअर, सळ्यांवर चालणारे मेकॅनिकल ब्रेक, आणि इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालणारा वायपर, जो चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की मंदावतो, म्हणजे नेमका नको तेव्हा. उलट सिट्रोएनच्या ट्रॅक्शन अव्हांमध्ये १९३४ पासून फ्रंट व्हील ड्राइव्ह आणि हायड्रॉलिक ब्रेक. फोक्सवॅगन बीटलच्या एक्स्पोर्ट मॉडेलला १९५० मध्ये हायड्रॉलिक ब्रेक आले तरी स्वस्तातल्या स्टँडर्ड मॉडेलला पुढे बरीच वर्षं केबलचेच होते. तेव्हा साल विचारू नका, ब्रेक कसले, पहिल्या गिअरला सिंक्रो (गिअर टाकताना आतल्या चाकांचा वेग जुळवणारी सोय) आहे का, बॅटरी सहा व्होल्टची की बारा, हे विचारा. एमजी टीसी-टीडी सारख्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्यांच्या प्रेमात पडला असाल तर त्यांच्या बॉडीच्या पत्र्याखाली लाकडी चौकट आहे हे ध्यानात ठेवून जा.

आता चालवायचं. झेपेल का, तर झेपेल, फक्त पहिला आठवडा रिकाम्या रस्त्यावर घालवा.

पहिल्या गिअरला सिंक्रो नाही. उभ्या गाडीतही पहिला टाकताना कर्रकर्र झाली तर आधी क्लच दाबून दुसऱ्यात नेऊन मग पहिल्यात आणा, दुसऱ्याचा सिंक्रो आतली फिरणारी चाकं थांबवतो आणि पहिला गुपचूप पडतो. चालत्या गाडीत पहिला टाकायचा तर डबल क्लच: क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडा, अ‍ॅक्सिलरेटरला एक टोला देऊन इंजिन वर आणा, परत क्लच, आणि गिअर खाली. वाचायला लांबलचक वाटतं, दोन-चार दिवसांत पाय आपोआप करतो. वरच्या गिअरला जाताना घाई करू नका, न्यूट्रलमध्ये अर्धा श्वास थांबा, बस. सत्तर वर्षांच्या गिअरबॉक्सचे सिंक्रो झिजलेलेच असतात म्हणून मी तर सगळ्याच गिअरना, खाली येताना, डबल क्लच करतो.

आणि आता ब्रेक, यावर मी थोडा जास्त बोलणार. या मायनरला चारही चाकांना सात इंची ड्रम, सर्वो (पायाचा जोर वाढवणारं यंत्र) नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं, सर्किट एकच. आजच्या गाडीत एक बाजू फुटली तरी दुसरी उरते, इथे एका चाकाचा पाइप फुटला की पेडल फ्लोअरला आणि चारही चाकं मोकळी. मग हातात फक्त हँडब्रेक आणि गिअर, म्हणून हँडब्रेक हा पार्किंगचा दांडा समजू नका, तो चढावर गाडी धरतो की नाही हे घेण्याआधीच बघा. गाडी घेतल्यावर पहिलं काम, सायलेन्सरचं नाही, सीटचं नाही, ब्रेकचे रबरी होस बदलणं, मग ते कितीही चांगले दिसोत. जुना होस आतून फुगतो, पेडल दाबल्यावर ऑइल चाकाकडे जातं पण परत येत नाही, ते चाक धरून राहतं, ड्रम तापतो आणि गाडी एका बाजूला खेचते, आणि लोक शू बदलत बसतात. मायनरमध्ये आणखी एक गंमत आहे, मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली बॉक्सच्या आत लपवलाय. ऑइल बघायचं तर मॅट आणि झाकण काढा, त्यामुळे वर्षानुवर्षं कुणी बघतच नाही, आणि सिलिंडर काढायचा तर त्याचे बोल्ट टॉर्शन बारला (पीळ बसून स्प्रिंगचं काम करणारा पुढच्या सस्पेन्शनचा दांडा) अडतात म्हणून तो बार आधी सैल करावा लागतो. इसिगोनिस यांच्याबद्दल आदर आहेच, पण हे काम करताना तो जरा कमी होतो.

ड्रम तापला की ब्रेक कमी होतात, कारण ड्रम फुगून शूपासून लांब जातो आणि लायनिंगची पकडही उतरते. म्हणून घाटात ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, पेडलवर पाय ठेवून बसू नका, दाबा, वेग उतरवा, सोडा, ड्रमला हवा खाऊ द्या. पाण्यातून गेलात तर पलीकडे हळू जाताना पेडल हलकं दाबून शू वाळवा. पुढच्या गाडीपासून अंतर भरपूर ठेवा, मधे दुसरं कुणी घुसलं तर परत मागे या, वाद घालू नका, त्याला डिस्क ब्रेक आहेत. आणि ड्रम उघडाल तेव्हा आतली धूळ हवेने उडवू नका, त्या काळातल्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचा. ओलं करून पुसा, मास्क लावून.

वेगाचं म्हणाल तर ताशी शंभर ही तिची जवळजवळ कमाल आहे, पण ती सत्तर-पंच्याहत्तरला खूश असते. स्टिअरिंग मात्र त्या काळाच्या मानाने सुंदर, रॅक अँड पिनियन, इतर कित्येक गाड्यांत स्टिअरिंग बॉक्सचा खेळ असतो तसला इथे नाही. तरी गाडी रेषेत जात नसेल तर टायर बघा. जुन्या बांधणीचे क्रॉसप्लाय आणि आजच्या बांधणीचे रेडिअल एकत्र लावले असतील तर आधी ते सगळे एकसारखे करा, पुढे रेडिअल मागे क्रॉसप्लाय हे तर सरळ धोक्याचं, मागचा भाग आधी सुटतो. आणि टायरची नक्षी शिल्लक असणं म्हणजे टायर चांगला असणं नव्हे, बाजूवरचा चार आकडी आठवडा-वर्षाचा कोड वाचा.

वळताना दरवाजाच्या बाजूच्या खांबातून बाहेर येणारे ते नारिंगी सिग्नल-दांडे गोड दिसतात, पण मागच्या पोरांना त्याचा अर्थ कळत नाही. मागे-पुढे ब्लिंकर लावून घ्या, मूळ दांडेही राहू द्यात.

विजेचं एकच पथ्य, ही गाडी पॉझिटिव्ह अर्थ आहे, बॅटरीचं प्लस टोक बॉडीला. सवयीने मायनस बॉडीला लावलं, किंवा आधुनिक रेडिओ तसाच जोडला, की काहीतरी जळणार. डायनामो आयडलला जवळजवळ चार्ज करत नाही म्हणून रात्री ट्रॅफिकमध्ये हेडलाइट लावून उभं राहिलात तर बॅटरी उतरते, यात बिघाड नाही, ते तसंच आहे. लाइट मंद वाटले तर बल्ब बदलायच्या आधी अर्थचे सगळे जोड घासून साफ करा, निम्म्या तक्रारी तिथे संपतात.

पेट्रोलमधल्या इथेनॉलने जुने रबर पाइप आणि वॉशर मऊ पडतात, ते इथेनॉल चालणाऱ्या प्रकारचे घाला आणि दर काही महिन्यांनी वास घेऊन तपासा. शिसं नसलेल्या पेट्रोलने एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट झिजते हे खरं, पण आरामात चालणाऱ्या गाडीत हळू झिजते, त्यासाठी घाईने हेड काढू नका, टॅपेटचं (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांतलं) अंतर पुन्हा पुन्हा कमी होत असेल तेव्हा काढा आणि तेव्हाच कडक सीट बसवून घ्या. गिअरबॉक्समध्ये मात्र कुणाच्या सांगण्यावरून जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल ओतू नका, त्यातली रसायनं आतल्या पितळी भागांना खाऊ शकतात.

चालू करताना इग्निशन लावल्यावर पेट्रोल पंपाची टिक-टिक ऐका. कार्ब्युरेटर भरला की ती थांबायला हवी. थांबतच नसेल तर कुठेतरी गळतंय किंवा पंप हवा ओढतोय, आणि मुळीच आली नाही तर पंपाला स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने हलका ठोका, पॉइंट अडकलेले असतात. हँडल मारून चालू करायची हौस असेलच, तर अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीत गुंडाळायचा नाही, इंजिनने उलट झटका दिला तर अंगठा मोडतो.

बदल किती करायचे याबद्दल माझं मत साधं आहे, जे परत मूळ करता येईल ते करा. ब्लिंकर, चांगले बल्ब, सीट बेल्ट करा, पण बेल्टचे बोल्ट नुसत्या पत्र्यात नकोत, मागे जाड प्लेट हवी, कारण या गाडीचा स्टिअरिंगचा दांडा सरळ छातीकडे येतो आणि समोर चुरगळणारं काहीच नाही. गाडीत पॉइंट, कंडेन्सर, फॅन बेल्ट, वितळतार, थोडं पाणी आणि आग विझवायचा सिलिंडर ठेवा. पाने घेताना आधी नट मोजा, कारण त्या काळात ब्रिटिश कारखाने जुन्या आट्यांकडून नव्या युनिफाइड आट्यांकडे जात होते आणि एकाच गाडीत दोन-तीन जाती सापडतात. एमजीच्या एक्सपीएजी इंजिनात तर आटे मेट्रिक आणि नटाचं डोकं व्हिटवर्थच्या (जुन्या ब्रिटिश) मापाचं, तिथे घरातला मेट्रिक सेट घेऊन गेलात तर डोकी गोल करून परत याल.